दगड आज गंभीर होता

फार पूर्वी, जंगलात मतदान व्हायचं तेव्हाची गोष्ट. पाणवठ्याचा मुखिया निवडायचा होता. दर उन्हाळ्यात बुजलेला झरा एकट्याने उकरणारा खेकडा उभा राहिला. समोर उमेदवार होता एक दगड.

बातम्या साळुंकी सांगायची, त्याच दगडावर बसून. "दगड आज गंभीर होता."

"साळूताई, एकदा माझंही सांगा की," खेकडा म्हणाला.

"तू रोज उकरतोस. त्यात बातमी काय रे?"

मतदानाच्या दिवशी सगळ्यांनी आपापलं मताचं पान दगडापुढे टाकलं. खेकड्यानेसुद्धा. रोज ऐकून त्यालाही दगडच पटला होता.

उन्हाळ्यात झरा बुजला. सगळे दुसऱ्या पाण्याकडे निघून गेले, साळुंकीही. खेकडा एकटाच दगडापाशी बसून राहिला. नांग्या तयार होत्या. फक्त मुखियाने हुकूम द्यायचा बाकी होता.