शिव्यांची साक्ष

“रविवारपर्यंत साक्षीदार आणा, नाहीतर तुमची ती प्रार्थनेची झोपडी पाडून तिथं हत्तीखाना बांधतो!” मकरंदराजांनी फर्मावलं.

आता राजांकडे हत्ती किती? एकच, तोही दात पडलेला! पण राजे हट्टाला पेटले की त्यांना आवरणार कोण?

किनाऱ्यावर ख्रिस्ती माळ्यांची वीसेक घरं होती. राजांचं म्हणणं, तुमचा येशू कधी झालाच नाही, तो फक्त तुमच्याच पोथ्यांत सापडतो. “तुमचं मीठ न खाल्लेला, तुमच्या धर्माचा नसलेला, तुमच्यावर माया नसलेला आणि त्या काळाच्या जवळचा साक्षीदार हवा!”

गाव हबकलं. ती झोपडी त्यांच्या पणज्यांनी झावळ्यांनी शाकारलेली. म्हातारा इनास तर रडायलाच लागला. त्याची मुलगी कातरीन राजांच्या पोथीशाळेत केर काढायची. ती म्हणाली, “बाबा, डोळे पुसा. तसल्या साक्षीदाराची धूळ मी रोज झाडते.”

रविवारी ती दरबारात आली. मागून पोथीशाळेचे दामोदरशास्त्री एक जाडजूड बाड सांभाळत आले.

“कुठाय साक्षीदार?” राजांनी विचारलं.

“आधी एक सांगा, महाराज. हजार वर्षांनी कुणी म्हणालं, मकरंदराजे झालेच नाहीत, तर?”

“काय बिशाद! माझ्या भाटांचे पोवाडे आहेत!”

“त्यांनी तुमचं मीठ खाल्लंय. बाद!”

“माझे शिलालेख!”

“ते तर तुम्हीच कोरून घेतलेत. बाद!”

राजे कावरेबावरे झाले. “अगं, मग मी होऊन गेलो याला पुरावाच नाही?”

“आहे की! शेजारच्या कुंडलराजांचा खलिता. शास्त्रीबुवा, वाचा.”

शास्त्रीबुवांनी घाम पुसला. “‘त्या ढेरपोट्या मकरंदानं पुन्हा आमच्या हद्दीतले आंबे पाडले...’”

“साफ खोटं! आंबे माझेच होते!” राजे ओरडले.

“असतील, महाराज. पण जो माणूस झालाच नाही, त्याच्यावर एवढं कोण चिडेल? आता ही रोमच्या एका सरदारानं लिहिलेली बखर ऐका. येशूनंतर शंभर वर्षांच्या आतली.”

शास्त्रीबुवा वाचू लागले. “‘ख्रिस्ताला आमच्या सुभेदारानं देहदंड दिला. त्याच्या पंथाचं हे घातक खूळ तेवढ्यापुरतं दबलं, पण पुन्हा उफाळलं आणि थेट राजधानीत पोचलं. जगातली सगळी घाण इथंच येऊन साचते!’”

“मीठ खाल्लं होतं का यानं?” कातरीननं विचारलं.

“छे!”

“माया?”

“तिळभर नाही!” शास्त्रीबुवा म्हणाले.

राजांनी मिशीवरून हात फिरवला. हरायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. “काय गं, तुझ्या धर्माला घाण म्हणतोय तो. तुला राग नाही आला?”

“आला तर! पहिल्यांदा ऐकलं तेव्हा बखर चुलीत घालणार होते. मग म्हटलं, राहू दे बिचाऱ्याला. शिव्या दिल्यात, पण पत्ता बरोबर सांगितलाय!”

राजे असे हसले, की कुंडलराजांनी लिहिलेली ढेर खरंच गदगदा हलली. झोपडी राहिलीच, वर राजवाड्याच्या खर्चानं तिच्यावर नवी कौलं चढली आणि कातरीनला पोथीशाळेच्या किल्ल्या मिळाल्या.

मग राजांनी चिटणिसाला जवळ बोलावलं. “कुंडलराजांना एक टोपली आंबे पाठवा. आणि लिहा, यापुढं आम्हाला शिव्या द्याल त्या जरा चांगल्या शाईनं द्या. हजार वर्षं टिकायला हव्यात!”