वाहतं ते फ्लुस

एका वाडीत एक भोळा गडी होता. नाव हरबा. सांगाल तेवढंच करायचा, आणि तिथंच घोळ व्हायचा.

वाडीला नदीवर पूल हवा होता. पावसाळ्यात अडलेल्या बाईला गुळाच्या काहिलीत बसवून पलीकडे न्यावं लागे. सगळ्यांचा जीव टांगणीला. शेवटी पूल बांधून देणारा एक जर्मन इंजिनिअर आला. त्याला मराठी येईना. ‘फ्लुस, फ्लुस’ एवढंच म्हणे.

मास्तरीणबाईंनी उलगडा केला. “जर्मन लोक नदीला फ्लुस म्हणतात. त्यांच्या वाहण्याच्या शब्दातूनच तो आलाय. वाहतं ते फ्लुस. हरबा, साहेबांना फ्लुस दाखवून आण.”

हरबा निघाला. चावडीपाशी नळ गळत होता.

“साहेब, फ्लुस!”

सरपंच पारूकाकूंनी कपाळ बडवून घेतलं. “अरे ठोंब्या, नळ काय दाखवतोस? नदी म्हणजे आपली आई! तिला हात जोडायचे!”

“असं होय! मग आधी सांगायचं की.”

हरबानं साहेबाला थेट घरी नेलं. आई कांदा चिरत बसली होती. डोळे वाहत होते, नाकही वाहत होतं. हरबानं हात जोडले. “साहेब, फ्लुस!”

साहेबानंही जोडले. आईनं कांदा फेकून मारला.

मग काकूंनीच दोघांना ओढत नदीवर नेलं. ऐन उन्हाळा. पात्रात नुसते गोटे.

“फ्लुस?” साहेबानं विचारलं.

“फ्लुस, फ्लुस!” काकू म्हणाल्या.

“काहीतरीच काय, काकू! वाहतंय कुठं?” हरबानं साहेबापुढं दोन्ही हात नाचवले. “फ्लुस नाही, साहेब!”

साहेबानं टेप गुंडाळली.

काकूंना घाम फुटला. “मेल्या, पूल चालला की रे हातचा! वाहतं कर काहीतरी!”

तेवढ्यात वाडीचं प्यायचं पाणी घेऊन टँकर आला. हरबानं तो पात्राकडे वळवून घेतला आणि तोटी सोडली. गोट्यांमधून एक बारीक धार पळाली.

“साहेब, फ्लुस!”

साहेब खूश झाला. तोही शब्दाचा पक्का. जेवढा फ्लुस, तेवढा पूल. त्यानं धारेची रुंदी मोजली, लिहून घेतली आणि गेला. वाडी कोरड्या घशानं बसली.

मिरगाच्या आधी पूल आला. एक फळी.

काकू फळीकडे बोट नाचवत ओरडल्या. “आता पूर आला की काय करायचं रे, मुडद्या?”

“त्यात काय, काकू!” हरबा म्हणाला. “पुराला सांगायचं, फळीखालूनच जा.”