पाण्याची वाट

“...मग व्रत मोडलं का माझं, बाबाजी?”

सुनेला दिवस गेले तेव्हा मंजुळाबाईंनी सोळा सोमवार बोलले होते. बाळबाळंतीण सुखरूप राहू दे, महादेवा, तुझ्या जंगलातल्या देवळात येऊन उद्यापन करीन. एकही सोमवार चुकला नाही, आणि चुकला नाही हे त्या चारचौघींत सांगतही असत.

आज उद्यापन. प्रदोषाची वेळ टळू नये म्हणून लेकाने, हेमंतने, नव्या रुंद रस्त्यावर गाडी पिटाळली. तळ्याजवळच्या वळणावर झाडीतून एक हरिणी आली आणि गाडीखाली गेली. मागे तिचं पाडस तसंच उभं राहिलं. हेमंत थांबत होता, तर मंजुळाबाईच म्हणाल्या, चल पुढे, पूजा टळेल.

आता नैवेद्याचं ताट हातात धरून त्या देवळात उभ्या होत्या. विटाळ झाला असेल तर पुन्हा अंघोळ करते म्हणाल्या, हवं तर आणखी सोळा सोमवार धरते.

देवळातले म्हातारे गोसावी, केवळगिरीबाबा, वाती वळत बसले होते.

“सोमवार वाढवले की हरिणी उठते होय?” ते म्हणाले, आणि आधी प्रदक्षिणा घालून यायला सांगितलं.

मंजुळाबाई निघाल्या. पिंडीवरचं पाणी ज्या पन्हळीतून बाहेर पडतं तिथवर गेल्या आणि रीतीप्रमाणे मागे फिरल्या.

“का फिरलीस, माय?”

“पाण्याची वाट ओलांडू नये.”

“वीतभर तर आहे.”

“वीतभर असली तरी देवाची आहे.”

“हं... आणि हरिणी कुठे निघाली होती?”

मंजुळाबाईंना ते वळण आठवलं. रस्त्याच्या एका अंगाला झाडी. दुसऱ्या अंगाला तळं...

त्या हळूच म्हणाल्या की दवाखाना, शाळा, बाजार सगळं त्याच रस्त्याने. उद्या सुनेलाही तिथूनच न्यायचंय. हरणांची वाट ओलांडल्यावाचून कसं भागेल?

बाबा उठले. गवताची एक काडी पन्हळीवर आडवी ठेवली. वाकून हात जोडले. मग सावकाश पाऊल टाकून पलीकडे गेले.

मंजुळाबाई बघतच राहिल्या. उभ्या जन्मात त्यांनी कुणाला तिथून जाताना पाहिलं नव्हतं.

“अडलं तर असं जायचं,” बाबा पलीकडून म्हणाले.

“म्हणजे... मोडलं नाही?”

“पुरं व्हायचंय.”

मंजुळाबाईंनी ताट पिंडीपुढे ठेवलं. दिवा लावलाच नाही. आधी त्या पाडसाकडे जाते म्हणाल्या, वनखात्याच्या माणसांना बोलावते, पूजा मग होईल. पदर खोचून त्या पायरी उतरल्याही.

“जा, पण हळू,” मागून बाबा म्हणाले. “आणि माय, गाडी काही तू चालवत नाहीस. हा हळू जायचा वसा एकटीने पेलायचा नाही. ज्याच्या ज्याच्या हाती चाक आहे त्याला सांग, तूही घे म्हणावं.”