तांबट आळीतली शांतता

फार पूर्वीच्या एका शहरात रस्त्यांना तिथल्या कामांची नावे होती. तिथल्या तांबट आळीच्या तोंडाशी, विहिरीच्या कट्ट्यावर, एक सारंगीवाला रोज दुपारी वाजवायला बसत असे. साथीला तबलजी ठेवण्याची त्याची ऐपत नव्हती. तरी पाण्याला आलेल्या बायका घागर कमरेवर घेऊन थबकत, हमाल ओझे टेकवून ऐकत, आणि जाताना कुणी भाकरी ठेवी, कुणी पैसा.

आळीत दिवसभर तांब्याची भांडी ठोकली जात. चाळीस हातोडे एका लयीत पडत. सारंगीवाल्याला त्याची इतकी सवय झाली होती, की तो आवाज त्याला ऐकूच येत नसे.

एके दिवशी शाल पांघरलेले एक रसिक गृहस्थ कट्ट्याशी थांबले. म्हणाले, "हात गोड आहे तुझा. पण या ठणठणाटात तो कोणाला कळणार? इथे शांतता असती, तर मी माझ्या मित्रांना घेऊन आलो असतो. त्यांना आवडलं, की दरबारात तुझी वर्णी लागलीच म्हणून समज."

ते गेले आणि सारंगीवाल्याच्या कानांत हातोडे घुमू लागले. दोन दिवस त्याने कसेबसे काढले. तिसऱ्या दिवशी तो कोतवालापुढे उभा राहिला.

"सरकार, त्या ठोकाठोकीत माझे सूर मरतात."

आपणही रसिक आहोत, हे कोतवालाला दाखवायचे होतेच. त्याने दवंडी पिटवली : दुपारपासून सूर्य मावळेपर्यंत तांबट आळीत कोणी हातोडा उचलायचा नाही.

आळीतला म्हातारा तांबट कट्ट्यावर आला. "अरे, लग्नसराई तोंडावर आलीय. अर्ध्या दिवसात घंगाळं कशी पुरी करायची आम्ही?"

"काका, थोडी कळ काढा. माझं नशीब उघडतंय."

"उघडू दे बाबा. आमचं झाकून तुझं उघडतंय, एवढंच."

दवंडी ऐकून दुसऱ्या दिवशी गृहस्थ मित्रांना घेऊन आले. सतरंजी अंथरली गेली. सगळे चिडीचूप. सारंगीवाल्याने तारांवर गज टेकवला. आधी बरे वाटले. मग गज पुढे पळू लागला. आवरायला जावे, तर सूर रेंगाळत. दावे तुटलेल्या वासरासारखे त्याचे वाजवणे भरकटले. एका मित्राने जांभई दिली. "सूर आहे, पण लय नाही," असे म्हणून तो उठला. त्याच्यामागे बाकीचेही उठले.

गृहस्थ कानाशी लागले. "रस्त्यावरच्या बैलगाड्यांच्या घुंगरांनी घोटाळा केला. त्याही बंद करून घे. मी पुन्हा आणतो यांना."

सारंगीवाल्याने आळीकडे पाहिले. तांबट आपापल्या उंबऱ्यावर रिकामे हात मांडीत घेऊन बसले होते. इतकी वर्षे आपली लय कोण धरून होते, ते त्याला त्या हातांकडे पाहताना कळले.

"नको, रावसाहेब," तो म्हणाला. "माझी साथ करणाऱ्यांचेच हात मी बांधले. आता गाडीवानांचे नाही बांधणार."

"मग दरबार विसर."

"विसरलो."

तो तसाच कोतवालाकडे गेला. कोतवाल भडकला. "हुकूम म्हणजे पोरखेळ वाटला तुला? मागे घ्यायचा, तर भर चावडीवर कबूल कर, माझी तक्रार चुकीची होती म्हणून. आणि त्या कट्ट्यावर पुन्हा बसायचं नाही."

सारंगीवाल्याने चारचौघांत चूक कबूल केली. लोक हसले. त्याने ते ऐकून घेतले.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो सारंगी बगलेत धरून आळीत शिरला. हातोडे चालू होते. कोणी मान वर केली नाही. तो म्हाताऱ्याच्या दाराशी उभा राहिला.

"काका, चुकलो."

"चावडीवर ऐकलं ते," म्हातारा ठोकता ठोकता म्हणाला. बऱ्याच वेळाने त्याने शेजारचे अर्धे घंगाळ बाजूला सरकवले. "कट्टा गेला ना? बस इथं. पण हातोडा तुझ्यासाठी थांबायचा नाही, सांगून ठेवतो. भांडी द्यायचीत."

"थांबवू नका, काका."

सारंगीवाला त्या जागेवर बसला. त्याने सारंगी मांडीवर घेतली, पण गज लगेच उचलला नाही. आधी तो बराच वेळ नुसता ऐकत राहिला.

तात्पर्य : दुसऱ्याच्या कामाचा आवाज बंद करण्याआधी, आपण त्याच्याच तालावर उभे नाही ना, एवढे पाहावे.