बारा हातांवरचा उंबरा

ऐक गं उंबराई, तुझी कहाणी तुलाच सांगते. बायांनो, हातात अक्षता घ्या आणि मधेच कुणी उठू नका.

नगर होतं आटपाट, नगरात साळ्यांची आळी होती. आळीत एक साळी होता, त्याची बायको होती, घरी परतलेली विधवा बहीण होती आणि पंधरा वर्षांची एकुलती एक लेक होती. लेकीचं नाव गोजरा. एका जागी बसेल तर शपथ! तर काय झालं, एके दिवशी गोजरा माळ्यावरून सुताचा गठ्ठा घेऊन उतरत होती. शिडी बांधायची बापाकडून राहिली होती. शिडी निसटली, पोर खाली आली ती थेट मागाच्या खड्ड्यात. मांडीचं हाड मोडलं, कमरेला मार बसला. आईनं हंबरडा फोडला. बाप नुसता शिडीकडं बघत राहिला.

मग हाडवैद्य आला. त्यानं हाड बसवलं, कामट्या बांधल्या, तीन महिने खाट सांगितली. तीन महिने सरले, त्यानं येऊन कामट्या सोडल्या. म्हणाला, "हाड जुळलंय. आता हिला पाय टेकू द्या. दिवाळीच्या आत उभी राहिली तर राहिली. नाही तर पाय वाळतील, मग माझ्या हातात काही नाही."

पण टेकू कोण देतो! गोजरानं पाय खाली सोडला की आई धावायची, "अगं, पडशील." पाण्याला हात केला की आत्या धावायची, "अगं, सांडशील." कूस बदलली की बाप मागावरून उठायचा, "अगं, दुखेल." घास भरवायचे, तोंडसुद्धा पुसायचे. माया होती, बायांनो, मायेला मी नावं ठेवत नाही. पण पोर बोलायची थांबली. भिंतीकडं तोंड करून पडून राहायला लागली. दिवाळी महिन्यावर आली.

मग एके सकाळी दारात एक म्हातारी येऊन उभी राहिली. लुगडं फाटकं, पाय धुळीनं भरलेले, पण तोंडावर असं तेज की आईच्या हातातलं सूप गळून पडलं. म्हातारी म्हणाली, "बाई, का रडतेस?" आईनं सगळं सांगितलं. म्हातारी म्हणाली, "उंबराईचा वसा घे." "वसा कसा घ्यायचा?" "रोज पोरीनं खाटेवरून उतरावं. खाट ते उंबरा, बारा हात. तेवढं तिचं तिनं यावं. उभ्यानं जमेल तेव्हा उभ्यानं, नाही तर सरकत. उंबऱ्याला हळदकुंकू वाहावं. तोवर घरात कुणी घास खाऊ नये. वाटेत तिला कुणी उचलू नये, ओढू नये. जवळ बसावं, हात आपल्याशी ठेवावेत. उतू नका, मातू नका, घाई करू नका." एवढं बोलली आणि दिसेनाशी झाली.

पहिल्या दिवशी गोजरा खाटेवरून उतरली. हातांवर जोर द्यायची, वीतभर सरकायची, थांबायची. सकाळची निघालेली पोर दिवेलागणीला उंबऱ्याशी पोचली. तळहात सोलवटले. घरात तिघं उपाशी. भूक होतीच, खोटं कशाला बोलू? पण भुकेपेक्षा ते बघणं कठीण.

मग काय झालं? दुसऱ्या दिवशी आई लेकीला न्हाणीत घेऊन गेली. बापानं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, खाट वीतभर उंबऱ्याकडं सरकवली. म्हणाला, "वीतभरानं काय होतंय!" मग आत्या परसात तिची वेणी घालायला बसली. आईनं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, खाट वीतभर सरकवली. म्हणाली, "वीतभरानं काय होतंय!" मग आई उन्हात तिच्या पायांना तेल चोळत बसली. आत्यानं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, तिनंही सरकवली. तिघांचं तिघांना ठाऊक नाही. वाटेत पोरीला कुणी शिवलं नव्हतं, शब्द अगदी पाळला होता! रोज तीन विती सरकता सरकता आठ दिवसांत खाट उंबऱ्याला येऊन टेकली.

गोजरा बापडी समोर उंबऱ्याकडं बघायची. तिला वाटायचं, आपल्याला जमायला लागलंय. आठव्या दिवशी तिनं खाटेवरूनच हात लांब केला, कुंकू वाहिलं. तर उंबऱ्यावर कुंकू दिसेना. पुन्हा वाहिलं, दिसेना. तिसऱ्यांदा वाहिलं, लाकूड कोरडंच. गोजरानं मागं वळून पाहिलं. शेणानं सारवलेल्या जमिनीवर खाटेच्या पायांचे ओरखडे, पार मागच्या भिंतीपासून इथपर्यंत.

इतक्या दिवसांनी पोर बोलली. "आई, मी आलेच नाही?"

आई म्हणाली, "वीतभर गं, वीतभरच सरकवायची मी." आत्या म्हणाली, "अगं, वीतभर तर मी सरकवायची!" बापानं जमिनीवरच्या ओरखड्यावर हात फिरवला. मग म्हणाला, "मी पण. शिडीही मीच बांधली नाही."

गोजरा रागानं रडली. "मला फसवलंत. आठ दिवस मी किती खूष होते!" मग डोळे पुसले आणि म्हणाली, "बाबा, शिडी पडली ती पडली. आता खाट उचला आणि होती तिथं ठेवा. आणि कुणी उठायचं नाही."

बापानं खाट उचलली, होती तिथं ठेवली. तिघं भिंतीशी बसली, आपापले हात मांडीखाली दाबून. मग गोजरा सरकत आली. मग रांगत आली. मग भिंत धरून उभी राहिली, आणि पडली. आई उठली नाही, पदर दातांत धरला. दुसऱ्यांदा पडली, आत्या उठली नाही. तिसऱ्यांदा पडली, गुडघा फुटला. बापाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तोही उठला नाही. उंबऱ्यावर कुंकू रोज उमटायला लागलं.

वसुबारस उजाडली. गोजरा खाटेवरून उतरली आणि भिंत सोडून उभी राहिली. एक पाऊल टाकलं. पाय लटपटला, थांबला. दुसरं टाकलं. शेजारणीनं दारातून पाहिलं आणि तिच्या घरचा माग थांबला. मग पुढचा थांबला, मग सगळ्या आळीचे थांबले. माणसं अंगणात हात जोडून उभी राहिली. देव कुठला दिसतोय हे कुणी विचारलं नाही. बारा हात अंतर पोर चालत आली, वाकली, उंबऱ्यावर कुंकू वाहिलं. वर बघते तर दारात तीच म्हातारी.

म्हातारी म्हणाली, "पोरी, कुंकू पोचलं. माग काय हवं ते. मोडायच्या आधी होता तसा पाय देते."

गोजरानं म्हातारीच्या पायांकडं पाहिलं. टाचा भेगाळलेल्या, घोटे सुजलेले. तिला उभं राहणं म्हणजे काय ते आता ठाऊक झालं होतं. म्हणाली, "आजी, तू कधीची उभी आहेस गं?"

म्हातारी म्हणाली, "घर बांधलं तेव्हापासून. लोक कुंकू वाहतात आणि आत जातात. मला आत ये असं कुणी म्हटलं नाही."

"मग ये की आत! थांब, पाट आणते."

आणि गोजरा वळली. पाट मागच्या भिंतीशी, खाटेपलीकडं. आई उठायला लागली, बापानं तिचा पदर धरला, "बस." पोर लंगडत गेली, पाट काखेत मारला, लंगडत परत आली, उंबऱ्याच्या आत मांडला. आपण किती चाललो, हे तिच्या ध्यानातही आलं नाही.

म्हातारी पाटावर बसली. म्हणाली, "माग म्हटलं तर तू मलाच द्यायला धावलीस." सगळ्यांनी खाली वाकून नमस्कार केला. मान वर केली तेव्हा पाटावर कुणी नव्हतं. कुंकवाची दोन पावलं तेवढी उमटली होती, आणि त्यांची बोटं घराच्या आत वळलेली होती.

गोजराचा पाय जन्मभर थोडा लंगडाच राहिला. तिनं मागितलंच नव्हतं. पण त्या घरातलं पुन्हा कुणी अंथरुणाला खिळून राहिलं नाही.

उंबराई जशी त्यांच्या घरात आली, तशी तुमच्याआमच्या घरात येवो. खाटेवरच्या लेकरांच्या पायांत बळ येवो, आणि आपल्याला हात आवरून जवळ बसायचं बळ येवो. ही बारा हातांची कहाणी बसल्या जागी सांगितली, उठता उठता सुफळ संपूर्ण.