मायाळू दोरी

दोऱ्या बोलायच्या, त्या काळातली ही गोष्ट. रानातल्या एका वाडीसाठी वणव्यावर पाळत एक पतंग ठेवायचा. धूर दिसला की तो तीन हिसके द्यायचा, आणि दाट झाडीत दोरी धरून बसलेला नावजी राखणदार ढोल बडवायचा.

पण हिसके वाऱ्याचेही बसत. नावजीची बोटं सोलून निघत. दोरीला त्याची दया आली. "बाबा, फुकटचे हिसके मीच गिळते," ती म्हणाली आणि त्याचा चेहरा बघून शिकत गेली. ज्या हिसक्याने त्याच्या कपाळावर आठी पडे, तो दुसऱ्या दिवशी येतच नसे.

"गुणाची गं बाई माझी!" नावजी म्हणायचा.

एका दुपारी त्याला जळका वास आला. बोटाला मात्र पाळण्यासारखे संथ झोके बसत होते. तरी मन मानेना, म्हणून त्याने दोरी गुंडाळली. शेवटी हातात नुसतं करपलेलं टोक आलं.

"पतंग कुठंय?"

"सकाळीच जळाला, बाबा. सारखे तीन-तीन हिसके देत होता. तुम्हाला त्रास नको म्हणून..."

नावजीने ढोल बडवला, हात दुखेपर्यंत बडवला. वाडीतून साधं कुत्रंही भुंकलं नाही. त्याच्या बोटाला मात्र दोरी हळूहळू झोके देतच होती.