झावळ्यांची राख

“मग वचन खोटं का, फादर?”

ब्रदर मार्विनने सुक्या झावळ्यांची पाटी चर्चच्या ओट्यावर आदळली. धर्मगुरू घडवणाऱ्या सेमिनरीतून तो काही महिन्यांपूर्वी वसईकडच्या या गावात शिकायला आला होता. पवित्र शास्त्र त्याला तोंडपाठ होतं, आणि ही गोष्ट तो कोणाला विसरू देत नसे.

म्हातारे फादर इनास ओट्यावर बसून झावळ्या मोडत होते. दुसऱ्या दिवशी राखेचा बुधवार. गेल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी घरोघरी नेलेल्या झावळ्या परत गोळा करायच्या, जाळायच्या आणि त्याच राखेने सगळ्यांच्या कपाळी क्रूस काढायचा, अशी रीत.

“झालं काय?”

“रेजिनामावशीनं झावळी दिली नाही. तोंडावर दार लावलं.”

फादरांचे हात थांबले.

गेल्या वर्षी त्या रविवारच्या आदल्या दिवशी मावशीचा एकुलता एक आल्विन चर्चच्या माडावर चढला होता. झावळ्या तोडून झाल्या आणि उतरताना त्याचा पाय सटकला. त्याने तोडलेल्या झावळ्या दुसऱ्या दिवशी आशीर्वाद देऊन वाटल्या गेल्या. त्याला सोमवारी पुरलं. तेव्हापासून मावशी चर्चकडे फिरकली नव्हती. काय बोलावं ते सुचेना, म्हणून गावानेही हळूहळू तिच्याकडे जाणं सोडलं होतं.

“तू तिला काय सांगितलंस?”

“देवावर भरवसा ठेवा म्हटलं. स्तोत्रातलं वचनही सांगितलं. देव आपल्या दूतांना आज्ञा देईल, ते तुला हातांवर झेलतील...”

“झेलतील.”

“हो.”

“माडावरून पडलेल्या पोराच्या आईला सांगितलंस हे.”

मार्विनच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

“हेच वचन येशूला कोणी ऐकवलं होतं?”

उत्तर त्याच्या जिभेवर तयारच होतं. “सैतानाने. मंदिराच्या शिखरावर नेऊन. म्हणाला, टाक उडी, तुला...”

पुढचं त्याच्याच्याने बोलवेना.

फादर पुन्हा झावळ्या मोडू लागले.

“ती उद्या आलीच, तर काय सांगू?” मार्विनने विचारलं. आता आवाज खाली आला होता.

“राख नीट चाळून घे,” फादर म्हणाले.

ती आली. बुधवारी सकाळच्या मिस्साच्या प्रार्थनेला, रांगेत सगळ्यांच्या शेवटी, रिकाम्या हातांनी. रांगेतली माणसं वळून वळून बघत होती आणि बघत नसल्यासारखं करत होती.

मार्विन राखेची वाटी धरून फादरांशेजारी उभा होता. फादरांनी अंगठा राखेत बुडवला, तिच्या कपाळाकडे नेला. तू माती आहेस आणि मातीला मिळशील, हे शब्द त्यांनी सकाळपासून कडेवरच्या लेकरांनाही ऐकवले होते. तिच्यासमोर ते ओठांवर येईनात. हात तसाच अधांतरी राहिला...

मग त्यांनी मार्विनच्या हातून वाटी घेतली, मावशीपुढे धरली आणि आपलं डोकं तिच्यासमोर वाकवलं.

ती राख कोणी तोडलेल्या झावळ्यांची आहे, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. आता मावशी वाटी भिरकावणार, असं मार्विनला वाटलं, आणि तिने भिरकावली असती तरी तिचं काही चुकलं नसतं.

मावशीने चिमूटभर राख घेतली. आधी तिचा वास घेतला. मग बोटाने म्हाताऱ्याच्या कपाळावर क्रूस काढला. काढताना तिला हुंदका फुटला. फादरही रडत होते, आणि ते लपवत नव्हते.

“यंदा माडावर कोण चढणार?” तिने विचारलं.

वर्षभर गावाने हा प्रश्न टाळला होता. पुरुषांनी माना खाली घातल्या.

“मी चढेन,” मार्विन म्हणाला. म्हणून गेल्यावर त्याला आपण काय म्हणालो ते कळलं. लहानपणी तो माडावर चढायचा, पण त्याला कितीतरी वर्षं लोटली होती.

मावशी त्याच्याकडे बघत राहिली. कालचा राग अजून तिच्या डोळ्यांत होता. आता त्याखाली पाणीही होतं.

“मग मी खाली उभी राहीन,” ती म्हणाली आणि पदर सावरून निघून गेली.

मिस्सानंतर मार्विन वाटी धुवायला आतल्या खोलीत गेला.

“फादर, मला भीती वाटते.”

“वाटणारच.”

“आणि ते वचन... खरं की खोटं, तेही सांगितलं नाहीत.”

फादरांनी कपाळावरची राख पुसली नव्हती. ते खिडकीतून त्या माडाकडे बघत होते.

“चढताना सगळे ओरडून सांगतील, खाली बघू नकोस,” ते म्हणाले. “तू बघ, खाली कोण उभं आहे ते.”